वॉकीटॉकी सेवा: धंद्यासाठीची निवड (मुंबई)

वॉकीटॉकी म्हणजे पोलिसांच्या मराठीत बिनतारी संच आणि वॉचमनच्या तोंडी नुसता 'सेट'. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. मुंबईत तो कुठे दिसतो हे सांगत बसायला नको, मंडळाचे कार्यकर्ते, मॉलचं पार्किंग, हॉटेलं, गोरेगावची शूटिंगं सगळीकडे कमरेला अडकवलेला असतो. धंद्यासाठी घेताना मात्र सेट हा व्यवहाराचा छोटा भाग. फ्रिक्वेन्सी कोणाच्या नावावर, मधे रिपीटर (म्हणजे सिग्नल पकडून जोरात पुढे पाठवणारं यंत्र) आहे की नाही, असला तर कोणाचा, महिन्याला भाडं द्यायचं की एकदाच खर्च करायचा, या सगळ्याला मिळून इथे सेवा म्हटलंय.

शोध कोणाचा यावर जुना वाद आहे. कॅनडात डोनाल्ड हिंग्ज यांनी 1937 च्या सुमारास एका खाणकंपनीसाठी असा संच बनवला, रानात फिरणारी माणसं आणि छोटी विमानं यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून, आणि त्याला ते पॅकसेट म्हणायचे. अमेरिकेत क्लीव्हलंडचा आल्फ्रेड ग्रॉस, विशीतला हॅम म्हणजे हौसेने बिनतारी संच चालवणारा, याने साधारण 1938 मध्ये हातात धरता येईल असा सेट केला असं त्याच्या बाजूचे लोक सांगतात. गंमत म्हणजे ग्रॉस जन्माने टोरांटोचा आणि हिंग्ज इंग्लंडातल्या लेस्टरचे, त्यामुळे 'कॅनडाचा शोध की अमेरिकेचा' हे भांडण सरळ मांडताही येत नाही. तिसरा दावा गॅल्विन कंपनीचा, म्हणजे नंतरची मोटोरोला. तिचा हातात धरायचा एससीआर-536 1940-41 च्या आसपास आला आणि पाठीवर बांधायचा एससीआर-300 1943 मध्ये, हा दुसरा डॅनियल नोबल यांच्या टीमचा, एफएमवर चालणारा, वजन पंधरा किलोच्या वर. अमेरिकी सैन्यात वॉकीटॉकी म्हणायचे ते या पाठीवरच्या धुडाला, हातातला तो हँडीटॉकी. म्हणजे आज आपण ज्याला वॉकीटॉकी म्हणतो त्याचं मूळ नाव दुसरंच होतं आणि नाव चिकटलं मोठ्या भावाचं. पारडं हिंग्ज यांच्याकडे किंचित झुकतं असं वाटतं, निदान धंद्याच्या अंगाने तरी, कारण त्यांचं पहिलं गिऱ्हाईक लष्कर नव्हतं, कंपनी होती, आणि कंपनीची गरज हीच होती की मधे तार नको, खांब नको, एक्स्चेंज नको. नाव एका वस्तूचं आणि हातात दुसरी, हा घोळ पुढे फोनवाल्या 'वॉकी'त परत भेटतो.

लायसनचा भाग सगळ्यात गुंतागुंतीचा आणि दुकानदार नेमका तोच पटकन उरकतात. भारतात 1885 चा तार कायदा आणि 1933 चा बिनतारी कायदा यांच्यावर हे सगळं उभं होतं, त्यांची जागा घ्यायला 2023 चा दूरसंचार कायदा आला आणि तो 2024 पासून टप्प्याटप्प्याने लागू होतोय. फ्रिक्वेन्सी देतं दूरसंचार खात्याचं डब्ल्यूपीसी, म्हणजे बिनतारी लहरींचं वाटप बघणारा विभाग. आपल्या एकट्याच्या वापरासाठी फ्रिक्वेन्सी हवी असेल तर सरल संचार पोर्टलवर अर्ज, मंजुरी, मग दरवर्षीची रॉयल्टी, आणि गच्चीवर अँटेना उभारायचा असेल तर साकफाची, म्हणजे अँटेनाच्या जागा तपासणाऱ्या सरकारी समितीची, परवानगी वेगळी, कारण विमानतळ आणि इतर बिनतारी यंत्रणा यांच्या आड तो येता कामा नये. सांताक्रूझ आणि जुहू असे दोन धावपट्टीवाले शेजारी असलेल्या शहरात हे हलक्यात घेऊ नये. लायसनशिवाय चालतो तो पट्टा 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ, 2018 च्या नियमांनी मोकळा केलेला, पॉवर कमी आणि सेटला मान्यता हवी. सत्तावीस मेगाहर्ट्झचा सिटिझन बँडही मोकळा आहे पण त्याचा अँटेना लांबलचक आणि धंद्यात तो कोणी घेत नाही. ऑनलाइन साइटवर स्वस्तात मिळणारे पाच वॅटचे बरेच सेट या मोकळ्या पट्ट्याबाहेर चालतात आणि खोक्यावर तसं लिहिलेलं नसतं, म्हणूनच ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2025 मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि पाठोपाठ वॉकीटॉकी विक्रीची मार्गदर्शक तत्त्वंही आणली. लॅमिंग्टन रोडवर उभं राहून 'लायसन लागतं का' विचारलं तर 'सगळे असेच वापरतात साहेब' हे उत्तर येतं, ते उत्तर नव्हे. फ्रिक्वेन्सी कुठली आणि मान्यतेचा कागद कुठाय, एवढे दोनच प्रश्न विचारायचे.

खोक्यावरचं 'दहा किलोमीटर' कुठून येतं तेही बघायला हवं. दीड मीटर उंचीवर सेट धरला तर क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर, समोरच्याचंही तेवढंच, रेडिओ लहर थोडी वाकते, झालं दहा. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून समुद्रातल्या होडीशी बोलायचं असेल तर हा आकडा थोडाफार खरा आहे. लोअर परळच्या टॉवरमध्ये मी जे पाहिलं ते असं: गेटवरचा माणूस म्हणतोय 'पांढरी इनोव्हा खाली पाठवतोय, ओव्हर', पहिल्या बेसमेंटवाल्याने 'कॉपी' म्हटलं, दुसऱ्यावर अर्धं वाक्य पोचलं आणि तिसऱ्या बेसमेंटमध्ये नुसतं खर्र. तिथला पोरगा रॅम्पच्या तोंडापर्यंत पळत यायचा, निरोप ऐकून परत खाली, दिवसभर. सेट महागातला होता, पण काँक्रीट आणि सळई यांना किमतीचं काय. पॉवर वाढवून हे सुटत नाही, मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट करायला पॉवर चौपट लागते, इमारतींत त्याहून कितीतरी जास्त. अशा ठिकाणी रिपीटर आणि बेसमेंटपर्यंत नेलेला अँटेना किंवा बोगद्यात वापरतात तशी गळकी केबल, म्हणजे वाटेत सगळीकडे सिग्नल झिरपू देणारी, हाच उपाय. इमारतीत यूएचएफ म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीचा पट्टा बरा, कारण 450 मेगाहर्ट्झची लहर पाऊण मीटरच्या आतली, दारं-खिडक्या-जिन्यातून वाट काढते. व्हीएचएफ या त्याहून कमी फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याची दोन मीटरची लहर उघड्यावर आणि पाण्यावर चांगली, बंदरावर आणि बोटींवर तीच दिसते, सागरी चॅनेल 16 म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ हा त्यातलाच. म्हणून विकत घेण्याआधी दोन सेट मागून आणायचे आणि आपल्याच जागेत, लिफ्टमध्ये, पंपरूममध्ये, शटर ओढून, फिरून बघायचं.

अॅनालॉग की डिजिटल? डीएमआर हे डिजिटल वॉकीटॉकीचं 2005 चं युरोपीय मानक 12.5 किलोहर्ट्झच्या एका चॅनेलचे तीस-तीस मिलिसेकंदाचे दोन आळीपाळीचे भाग करतं, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीत हाउसकीपिंग आणि सिक्युरिटी दोघं वेगवेगळे बोलतात. आवाज शेवटपर्यंत स्वच्छ आणि मग एकदम गायब, अॅनालॉगसारखी हळूहळू वाढणारी खरखर इशारा देत नाही, हे जुन्या लोकांना खटकतं. टेट्रा हे दुसरं डिजिटल मानक त्याहून मोठं, 25 किलोहर्ट्झमध्ये चार, दिल्ली मेट्रोसारख्यांसाठी, दुकानदाराने त्याच्या वाटेला जाऊ नये. अॅनालॉगवरचा 'प्रायव्हसी टोन' म्हणजे गुप्तता असं बरेच विक्रेते सांगतात, ते चूक आहे. तो टोन फक्त दुसऱ्यांचा गोंगाट आपल्या स्पीकरला येऊ देत नाही, आपलं बोलणं बाकी सगळे ऐकतातच.

ट्रंकिंग सेवेत फ्रिक्वेन्सी आणि टॉवर ऑपरेटरचे, आपण भाडं भरायचं. सगळ्या चॅनेलांना मिळून एकच रांग, जी खिडकी मोकळी ती मिळेल, स्टेशनवरच्या तिकिटासारखं. शहरभर गाड्या फिरवणाऱ्यांना हे बरं पडतं. फोनच्या सिमवर चालणारी 'वॉकी' दिसायला तशीच, बटणही तसंच, रेंज ठाण्यापासून पुण्यापर्यंत कुठेही, आणि आतून तो मोबाइलच. टॉवर गेला की तीही गेली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मोबाइल कोलमडले होते आणि हॅम लोकांचे सेट उपयोगी पडले, हे ज्यांना आठवतं ते कुरिअरच्या गाड्यांना सिमवाला देतात पण आग, लिफ्ट आणि पंपासाठी साधा रेडिओ ठेवतात, आणि तेच शहाणपणाचं वाटतं.

पेट्रोलच्या डेपोत किंवा केमिकलच्या गोदामात ठिणगी न उडवणारा प्रमाणित सेटच लागतो, आणि तो उघडून साधी बॅटरी टाकली की प्रमाणपत्र गेलं. बाकी बॅटरी मोजताना पाच टक्के बोलणं, पाच टक्के ऐकणं, नव्वद टक्के नुसतं चालू असणं असा हिशेब धरतात. विसर्जनाच्या दिवशी लालबागला तो हिशेब दुपारी चारलाच मोडतो, म्हणून कार्यकर्त्यांच्या पिशवीत माणशी एक जादा बॅटरी असते.