थोड्या जागेत रास्पबेरी: रोप घरी नेण्याआधी

महाबळेश्वरला लाल रास्पबेरी खाऊन आलेली मंडळी आमच्याकडे येतात आणि "तसलंच रोप द्या" म्हणतात. रोप देणं सोपं आहे, त्याला फळ धरणं अवघड. लाल रास्पबेरी थंड मुलखातली. तिच्या बहुतेक जातींना हिवाळ्यात सात अंशांखालच्या गारव्याचे शेकडो तास लागतात, तेव्हा कुठे फुलोरा नीट येतो. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवर, आपलं कोल्हापूर साडेपाचशेच्या. रंकाळ्यावर पहाटे स्वेटर लागतो खरा, पण रास्पबेरीला तेवढ्या थंडीचं काही वाटत नाही. म्हणून लाल जातीचं रोप आम्ही आपणहून कुणाच्या गळ्यात मारत नाही.

आम्ही देतो ती म्हैसूर रास्पबेरी. ही आपल्या देशातली, पश्चिम घाटातही वाढणारी. तिला कडक थंडी लागत नाही. फळ आधी लाल होतं, पण लाल म्हणजे कच्चं. जांभळट काळं झालं की पिकलं. चव लाल रास्पबेरीएवढी आंबट नसते आणि बिया थोड्या जास्त जाणवतात, हे आधीच सांगून ठेवतो. एकच रोप असलं तरी फळ धरतं, जोडीला दुसरं लागत नाही.

गच्चीवर किंवा परड्यात दोन फूट जागा पुरे. कुंडी किंवा ग्रोबॅग १८ इंच रुंद आणि तेवढीच खोल घ्या. मळ्यातली काळी माती भरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि या झाडाची मुळं साचलेल्या पाण्यात हमखास कुजतात. दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) हे मिश्रण चांगलं. कुंडी विटांवर ठेवा, म्हणजे आषाढातल्या पावसात तळाची भोकं तुंबणार नाहीत. वरून उसाच्या पाचटाचा चार बोटं थर द्या. ते इथे मागाल तिथे मिळतं. बोअरचं पाणी क्षाराचं असेल, तर जमेल तेव्हा नळाचं किंवा पावसाचं द्या. सकाळचं ऊन भरपूर हवं, पण एप्रिल-मेमध्ये दुपारी सावली पाहिजे. कंपाउंडच्या भिंतीची पूर्वेकडची बाजू त्याला उत्तम.

आता छाटणी. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. रास्पबेरीची मुळं वर्षानुवर्षं जगतात, पण प्रत्येक काठीचं आयुष्य ठरलेलं असतं: वाढायची, फळायची आणि वाळायची. ऊस तुटल्यावर बुडख्यातून खोडवा येतो, तसं इथेही बुडातून नवे फुटवे येतात. फरक एवढाच, की इथे सगळं एकदम कापायचं नाही. फळून गेलेली काठीच जमिनीलगत काढायची. ती ओळखायला सोपी: रंग तपकिरी आणि टोकांना वाळलेले घोस. नव्या काठीवर पांढुरकी भुकटी असते, बोटाने पुसली तर खालचा जांभळट रंग दिसतो. तिला हात लावू नका, पुढचं फळ तिच्यावरच आहे. एका कुंडीत अशा चार काठ्या ठेवा, जास्तीच्या काढून टाका. काठी चार फुटांची झाली की शेंडा खुडा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात आणि घोस तिथे लागतात. बांबू रोवून सुतळीने सैल बांधा.

शेंडा खुडला नाही तर काठी कमानीसारखी वाकते, टोक मातीला टेकतं आणि तिथेच मूळ धरतं. शेजाऱ्याच्या वाफ्यात रोप निघालं, की मग भांडण! हवाई बेटांवर आणि गालापागोसमध्ये हीच जात तण होऊन बसली आहे, तेव्हा कापलेल्या काठ्या ओढ्याकाठी फेकू नका, वाळवून जाळा.

फळ सकाळी काढा. पिकलेलं फळ नुसत्या स्पर्शाने सुटतं आणि पांढरा गाभा झाडावरच राहतो. ओढावं लागलं, तर अजून दोन दिवस थांबा. तोडल्यावर ते पिकत नाही. फ्रीजमध्येही दोनेक दिवसांच्या वर टिकत नाही. बुलबुलांना हे सगळं आपल्याआधी कळतं, तेव्हा घोस रंगू लागले की जाळी टाका. फुलोऱ्यात असताना कीटकनाशक फवारू नका, मधमाश्या मरतात.

भर पावसात आम्ही रोपं देत नाही. गणपतीनंतर, पाऊस ओसरला की या. येताना जाड पोतं आणा. काटे आकड्यासारखे वळलेले असतात, मोपेडवर मांडीत रोप घेऊन जाणं शहाणपणाचं नाही.