दोन मायक्रॉनची निळाई

कॉलेजात एनसीसीच्या फायरिंगला जाऊन आलेल्यांना आठवत असेल, पाच गोळ्या झाडून झाल्या की टार्गेट बघायच्या आधी खोके, म्हणजे काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या, शोधाव्या लागत. उस्ताद ते मोजून घ्यायचे. एक जरी कमी भरला तरी सगळी रांग गवतात ओणवी. असाच एक इवलासा पितळी खोका मी एकदा उलटा करून पाहिला. बुडाच्या मध्यभागी टिकलीएवढा खड्डा असेल असं वाटलं होतं, थ्री-नॉट-थ्रीच्या रिकाम्या पुंगळीवर असतो तसा. पण मध्ये काहीच नव्हतं. खूण होती ती अगदी कडेला, नखाने दाबल्यासारखी.

एनसीसीतलं ते काडतूस पॉइंट टू-टूचं, म्हणजे सुमारे इंचाच्या बावीस शतांशाएवढ्या जाडीचं, आणि त्याचं सगळं शास्त्र त्या कडेच्या खुणेत आहे. पुंगळी पातळ पितळेची, आणि तिच्या बुडाशी बाहेर आलेली एक दुमड, आतून पोकळ. कारखान्यात स्फोटक मसाल्याचा ओला गोळा पुंगळीत टाकतात आणि पुंगळी गरागरा फिरवतात. मसाला बाहेरच्या बाजूला फेकला जाऊन दुमडीत जाऊन बसतो. रायफलची पिन त्या कडेवर आपटते, कड चेपते, मसाला पेटतो आणि आतली दारू पेटवतो. म्हणून ही रिमफायर. कड चेपली जायला हवी तर पितळ पातळच ठेवावं लागतं, आणि पातळ पितळ फार दाब सोसत नाही. त्यामुळे ही जात लहानखुरीच राहिली. आज सगळीकडे चालणारं पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने काढलं. गोळीसकट लांबी जेमतेम एक इंच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ मिळवलं ते याच काडतुसावर.

त्याची रायफल मात्र दर गोळीला हाताने बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा पोलादी दट्ट्या, ओढायची. आपण ही कसरत रायफलकडूनच करून घेणाऱ्या, म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक, आणि त्यातही जुन्या रायफलींबद्दल बोलू. त्यातल्या दोन मी हातात घेऊन पाहिल्यात, पेनसिल्व्हेनियात, मावसभावाच्या शेजारी राहणाऱ्या एका आजोबांकडे. जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून त्यांनी दोन्ही शेजारी-शेजारी ठेवल्या. एक अक्रोडाच्या लाकडाची, जड, भारदस्त. दुसरी तपकिरी प्लॅस्टिकची, खेळण्यातली वाटावी अशी.

लाकडी होती ती विंचेस्टर १९०३. थॉमस क्रॉसली जॉन्सन या इंजिनिअरची रचना. अमेरिकेत बाजारात येऊन खपलेली ही पहिली सेमी-ऑटो रिमफायर. काडतुसं दस्त्यातल्या नळीत भरायची, एका वेळी दहा. यंत्रणा इतकी साधी की तिला यंत्रणा म्हणावं का, असा प्रश्न पडतो. बोल्ट नळीला कुठेच कुलूपबंद नसतो. मागून नुसती स्प्रिंग त्याला दाबून धरते, आणि बाकीचं काम त्याचं वजन करतं.

शाळेतला संवेगाचा नियम इथे लावून बघा. गोळीचं वजन अडीच ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला ३४० मीटर धरू. बोल्ट अर्धा किलोचा धरला तर त्याच्या वाट्याला वेग येतो सेकंदाला पावणेदोन मीटर, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाएवढा. गोळी वीस इंची नळी पार करून बाहेर पडते तोवर बोल्ट जेमतेम अडीच मिलिमीटर मागे सरकलेला असतो. पुंगळी अजून बरीचशी आतच. ती पूर्ण बाहेर येईपर्यंत नळीतला दाब ओसरलेला असतो. मग पुंगळी उडते, बोल्ट स्प्रिंगवर आपटून परत येतो आणि येताना पुढचं काडतूस आत ढकलतो. मोठ्या काडतुसाला हा हिशेब परवडत नाही, त्याला बोल्ट मणभर करावा लागेल. पॉइंट टू-टूच्या दुबळेपणामुळेच हे जमतं.

जॉन्सनपुढे अडचण दुसरीच होती. त्या काळात काळ्या दारूची काडतुसं सर्रास मिळत. काळी दारू जळाली की काजळी आणि राख इतकी उरते की पन्नास-साठ गोळ्यांत असा बोल्ट चिकटून बसावा. लोक स्वस्तातलं मिळेल ते भरणार हे कंपनीला ठाऊक होतं. म्हणून तिने या रायफलीसाठी वेगळंच काडतूस काढलं, फक्त बिनधुराच्या दारूचं, थोडं जाड, म्हणजे दुसरं कुठलं तिला चालूच नये. युक्ती सफल झाली. १९३२ पर्यंत सव्वा लाखाच्या आसपास रायफली बनल्या. १९३३ मध्ये तिच्या जागी मॉडेल ६३ आलं, ते लाँग रायफल काडतुसावर चालणारं. आणि जुन्या सव्वा लाखांचं काडतूस दुकानांतून हळूहळू दिसेनासं झालं.

आजोबांच्या रायफलीची किंमत तिथूनच ठरायला लागते. हौस म्हणून रविवारी झाडायला ती जवळजवळ निरुपयोगी. लाँग रायफल काडतूस तिच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या खोबणीत, सैल बसतं. पुंगळी फुगते, फाटते. कुणी चेंबरमध्ये बूच बसवून ते चालेलसं केलं, तर रायफल चालते पण संग्राहकाच्या लेखी ती संपली.

ते म्हणाले, “लोक विचारतात, चालते का? मी विचारतो, किती निळी उरलीय?”

नळीला जो निळसर-काळा रंग असतो तो रंग नसतोच मुळी. तो लोखंडाचा ऑक्साइड असतो, मॅग्नेटाइट नावाचा. लोहाराच्या भट्टीतून निघालेल्या विळ्यावर निळी-काळी खपली दिसते, तिच्यातही हाच असतो. तांबडा गंज आणि ही निळाई सख्ख्या बहिणी म्हणायला हरकत नाही. फरक स्वभावाचा. तांबडा गंज फुगतो, भुसभुशीत होतो, पापुद्रे सुटतात आणि खालच्या पोलादाला हवा लागत राहते. मॅग्नेटाइट घट्ट बसून राहतं आणि तेल धरून ठेवतं. जुन्या रीतीत कारागीर पोलाद मुद्दाम गंजू द्यायचे, मग उकळत्या पाण्यात घालायचे की तांबड्याचं काळं होई. मोकळा भुगा ब्रशने झाडायचा आणि पुन्हा गंजवायचं, असं कितीदा तरी. एवढं करून थर बसतो तो एक-दोन मायक्रॉनचा. आपला केस सत्तर मायक्रॉन जाड धरला तर त्याचा पस्तिसावा भाग.

आणि संग्राहक पैसे मोजतो ते या थराचे. मूळची निळाई किती टक्के शिल्लक आहे यावर भाव बोलला जातो. म्हणूनच पितांबरी लावून समई लखलखीत करायची आपली सवय इथे घात करते. वडिलांची रायफल विकायच्या आधी मुलगा हौसेने ती घासतो, किंवा दुकानातून नवी निळाई चढवून आणतो, आणि चांगली दिसायला लागलेली रायफल अर्धमेली होते. नवी निळाई ओळखायची कशी? आजोबांनी भिंग दिलं आणि नळीवरची अक्षरं दाखवली. मूळ पृष्ठभागावर ठशाच्या अक्षरांच्या कडा बोटाला लागतात. पॉलिश केलं की त्या गोलसर होतात, साबणावरचं नाव झिजतं तशा. स्क्रूच्या भोकांच्या कडाही बशीसारख्या खोलगट होतात. शिवाय गरम क्षारांच्या द्रावणात बुडवून येणारी काळीभोर चकाकी कारखान्यांत आली ती १९३०च्या दशकाच्या शेवटी. १९१० च्या रायफलीवर ती दिसली की समजायचं.

नळीच्या आत बघायचं ते वेगळ्या कारणासाठी. जुन्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळलं की मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं, मिठाचंच भावंड. पावसाळ्यात मीठ पाणी धरतं तसं तेही धरतं, आणि नळी आतून खात सुटतं. तेलात ते विरघळत नाही, त्यामुळे इमानेइतबारे तेल फिरवणाऱ्यांच्याही नळ्या गेल्या. वाचल्या त्या गरम पाण्याने धुणाऱ्यांच्या. न गंजवणारा मसाला अमेरिकेत रुळला तो १९२०च्या दशकाच्या अखेरीस.

आता दुसरी रायफल. रेमिंग्टन नायलॉन ६६, साल १९५९, किंमत तेव्हा ४९ डॉलर ९५ सेंट. रेमिंग्टन तेव्हा ड्यूपाँ या रसायन कंपनीच्या मालकीची, आणि नायलॉन ड्यूपाँचंच अपत्य. वॉलेस कॅरदर्सच्या प्रयोगशाळेत ते १९३५ मध्ये जन्मलं. ज्या दोन रेणूंची साखळी गुंफून ते बनतं त्या दोघांतही कार्बनचे सहा-सहा अणू, म्हणून सहा-सहा. आपल्याला नायलॉन म्हटलं की दोरी आठवते, नाहीतर आईची न चुरगळणारी साडी. इथे दस्ता तर नायलॉनचा होताच, पण बोल्ट ज्यात सरकतो ते मधलं खोकं, म्हणजे रिसीव्हर, तेही नायलॉनचं. घर्षण इतकं कमी की तेल घालायचंच नाही. ज्या दमट हवेने पोलाद कुजतं तिच्यातली ओल नायलॉन थोडी पिऊन घेतं आणि उलट चिवट होतं. कोरडं पडलं तर ते ठिसूळ.

लाकडावर वाढलेल्या शिकाऱ्यांनी नाकं मुरडली. १९०७ मध्ये सॅन अँटोनियोत अ‍ॅडॉल्फ टॉपरवाइनने विंचेस्टर १९०३ घेऊन हवेत फेकलेले लाकडी ठोकळे टिपले होते. ७२,५०० पैकी चुकले फक्त ९. रेमिंग्टनने त्याच विक्रमावर बोट ठेवलं. टॉम फ्राय हा त्यांचाच माणूस नायलॉन ६६ घेऊन उभा राहिला आणि १,००,०१० ठोकळ्यांत ६ चुकवले. ही जाहिरातच होती, पण प्रयोग म्हणूनही वाईट नाही. पुढे या रायफली दहा लाखांवर बनल्या.

दहा लाख बनलेल्या वस्तूला भाव कसला, असं मीही विचारलं. तपकिरीला फारसा नाही. हिरव्या रंगाची सुरुवातीची थोडीच वर्षं बनली, तिला आहे. गंमत अशी की नायलॉनच्या खोक्यावर वरून पोलादी पत्र्याचं एक झाकण आहे, केवळ रायफल रायफलसारखी दिसावी म्हणून. रायफल उचलताना हात नेमका तिथेच पडतो. साठ वर्षांत प्लॅस्टिकला काही होत नाही, पत्र्याची निळाई मात्र जाते, आणि भाव ठरतो त्या पत्र्यावर.

अमेरिकेत १९६८ च्या कायद्याआधी अशा रायफलींना नंबर घालायची सक्ती नव्हती, त्यामुळे बऱ्याच बिननंबरी निघतात. रेमिंग्टनचा महिना मात्र नळीवरच्या एका अक्षरात असतो. इंग्रजीत ‘ब्लॅक पावडर’ लिहिलं तर अकरा अक्षरं, एकही पुन्हा न येणारं. त्यापुढे एक्स जोडला की बारा महिने. काळ्या दारूवर न चालणाऱ्या रायफलींवर काळ्या दारूचं नाव.

मी नायलॉनची हातात घेऊन चाप ओढणार तोच आजोबांनी हात धरला. रिकामी रायफल झाडली की कडेवर आपटणारी पिन पुंगळी नसल्याने चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे खाच पाडते. दुकानात येणारे लोक हेच करतात म्हणाले. भिंतीत स्क्रूसाठी ठोकतो तसली प्लॅस्टिकची गिट्टी त्यांनी चेंबरमध्ये सरकवली. “आता ओढ.”

आपल्याकडे हा नाद अवघड. योगायोगाने आपला शस्त्र कायदाही १९५९ चाच. परवान्यावर आता दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि निवडणूक आली की ती पोलिस ठाण्यात जमा करायची. तिथल्या कपाटात निळाईचं काय होत असेल, तो भाग वेगळा. चामड्याच्या म्यानात घालून माळ्यावर ठेवणारेही आहेत. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि कोकणातली हवा, दोन पावसाळे पुरतात.

निघताना आजोबांनी तेलाचा बोळा घेतला आणि विंचेस्टर टोकापासून दस्त्यापर्यंत पुसली. माझ्या घामातलं मीठ. नायलॉनचं त्यांनी वरचं झाकण तेवढं पुसलं आणि ठेवून दिली.