खाली डाग नाही म्हणजे हेड गॅस्केट गेलं, असं नसतं

खानापूर-जांबोटी पट्ट्यातल्या जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपवाल्यांत एक समज पक्का बसलाय: कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होतंय आणि खाली थेंब नाही, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील) गेलंच. काढा हेड! इतकी घाई नको.

बारीक गळती गरम इंजिनावर पडली की जमिनीपर्यंत पोचतच नाही, वाफ होऊन जाते. चोर्ला घाट चढून बॉनेट उघडलं तर सगळं कोरडं. मागे उरतो तो वाळलेला हिरवट-पांढरट थर, होजच्या (कूलंटच्या रबरी नळीच्या) क्लिपाखाली नाहीतर वॉटर पंपाच्या बारीक भोकाशी. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं; आतलं सील गेलं की तिथून पाझरतं. काही होज तर इंजिन थंड असतानाच गळतात, तापले की घट्ट बसतात. गाडीला हीटर असेल तर डॅशखालचं मॅटिंग उचलून हात लावा. चिकट लागलं, गोडसर वास आला, तर हीटर कोअर (हीटरचा छोटा रेडिएटर) फुटलाय.

खात्री करायची तर थंड इंजिनावर प्रेशर टेस्टर (काटा असलेला हातपंप) रेडिएटरच्या तोंडाला लावा. रेडिएटरच्या झाकणावर 0.9 लिहिलं असेल तर 0.9 बारपर्यंतच हवा भरा आणि 15 मिनिटं थांबा. काटा उतरला म्हणजे गळती आहे; टॉर्च घेऊन शोधा. झाकणाची स्प्रिंगही बघा, हे स्वस्तातलं काम कुणी करत नाही.

गॅस्केटचा संशय घ्यायचा तो रेडिएटरात सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर किंवा दुधाळ ऑइल दिसलं तर. गळती थांबवायला रेडिएटरात हळद टाकणाऱ्यांनी एवढं बघावं, गळती थांबो न थांबो, बारीक नळ्या चोंदतात.