साठीनंतरचे आयर्न आणि शाफ्ट: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गोल्फमध्ये वय वाढलं की स्विंगचा, म्हणजे क्लब फिरवण्याचा वेग उतरतो आणि अंतर घटतं. हे खेळणाऱ्याला लगेच कळतं. पण अंतराबरोबर बॉलची उंचीही घटते, आणि तिच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. आयर्नचं (धातूच्या चपट्या हेडच्या क्लबचं) काम बॉल ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर नेऊन तिथे थांबवणं हे आहे. त्यासाठी बॉल वरून खाली यावा लागतो. साधारण ४५ अंशांच्या कोनात उतरला तर तो थांबतो. कोन ४० च्या खाली गेला की ग्रीनच्या पुढच्या कडेला पडलेला बॉलही मागच्या बंकरपर्यंत (वाळूच्या खड्ड्यापर्यंत) धावतो. म्हणून नवा सेट घेताना किंवा शाफ्ट (क्लबचा दांडा) बदलताना ‘दहा यार्ड जास्त कशात मिळतील’ हा प्रश्न दुसरा असू द्या. ‘बॉल कुठे थांबेल’ हा पहिला.

सेव्हन आयर्नवरचा सात

जुन्या सेटमध्ये सेव्हन आयर्नचा लॉफ्ट (क्लबचं तोंड किती मागे कललेलं आहे तो कोन) ३५-३६ अंशांचा असायचा. आज ‘डिस्टन्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सेटमध्ये तो २७ ते ३० अंश असतो. म्हणजे क्लबवर सात लिहिलेलं असलं तरी हातात जवळपास जुना, जास्त लांब जाणारा फाइव्ह आयर्न असतो. कंपन्या हेडचं (बॉलला लागणाऱ्या भागाचं) वजन तळाकडे नेतात, सोल (हेडचा तळ) रुंद करतात, त्यामुळे कमी लॉफ्टनेही बॉल उंच जातो. पण त्यासाठी स्विंगला पुरेसा वेग लागतो. वेग कमी असेल तर बॉल खालून जातो, त्याला फिरकी कमी मिळते आणि अंतर मिळालं तरी ते घरंगळत मिळतं.

आपल्याकडे ही फसगत मोसमानुसार लपते. एप्रिल-मे मध्ये येरवड्याला किंवा खारघरला फेअरवे (छाटलेल्या गवताचे पट्टे) कडक असतात, खालून गेलेला बॉल वीस-पंचवीस यार्ड पळतो आणि नवा सेट झकास वाटतो. जुलैत त्याच फेअरवेवर बॉल पडला तिथेच रुततो. तेव्हा कामाला येतो तो फक्त कॅरी, म्हणजे बॉल हवेतून कापतो तेवढंच अंतर. सेटची पारख कॅरीवरच करा, मग मोसम कोणताही असो.

कमी वेगाच्या खेळाडूला आम्ही बहुतेकदा ३१ ते ३४ अंशांचा सेव्हन आयर्न सुचवतो. हेड कॅव्हिटी बॅकचं (मागून खोलगट) किंवा पोकळ, सोल रुंद आणि वजन खाली असावं. पावसाळ्यात ओल्या मातीत रुंद सोल रुतत नाही, थोडं मागे लागलं तरी शॉट वाचतो. मात्र फार जाड सोल उन्हाळी कडक जमिनीवरून उसळतो आणि कड बॉलच्या पोटाला लागते. दोन्ही मोसमांत खेळणाऱ्यांनी मध्यम रुंदी घ्यावी.

आधी वजन, मग फ्लेक्स

दुकानात शिरताच विचारणा होते ती फ्लेक्सच्या, म्हणजे शाफ्टच्या लवचिकतेच्या अक्षराची: रेग्युलर की सीनियर? खरं तर या अक्षरांना उद्योगात ठरलेलं एकच माप नाही. एका कंपनीचा रेग्युलर दुसऱ्या कंपनीच्या सीनियरइतका मऊ असू शकतो. वजन मात्र काट्यावर कळतं, आणि थकव्याशी थेट नातं त्याचंच आहे.

अनेकांच्या बॅगेत वर्षानुवर्षं असलेला डायनॅमिक गोल्ड हा पोलादी शाफ्ट न कापलेला सुमारे १३० ग्रॅमचा असतो. निप्पॉनचा एनएस प्रो ९५० हा हलका पोलादी शाफ्ट ९५ ते १०० ग्रॅमच्या घरात येतो. ग्राफाइटमध्ये ५० पासून ९० ग्रॅमच्या वरपर्यंत सगळं मिळतं. ग्राफाइट म्हणजे लवचीक आणि म्हाताऱ्यांचं, ही समजूत जुनी झाली. ८०-९० ग्रॅमचे भरपूर कडक ग्राफाइट शाफ्टही आहेत. कोपर, मनगट किंवा अंगठ्याचा सांधा दुखत असेल तर ग्राफाइटचा फायदा नक्की आहे, कारण बॉल बाजूला लागल्यावर येणारा झणका तो बराच शोषतो. मॅटवर सराव करणाऱ्यांना हे लवकर जाणवतं.

एकदम १३० वरून ६० ग्रॅमवर मात्र उडी मारू नका. हात जुन्या वजनाच्या तालावर चालतात. क्लब अचानक हलका झाला की वरून घाई होते आणि बॉल डावीकडे ओढला जातो (हे सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी, डावखुऱ्यांनी दिशा उलट धरावी). एका वेळी २५ ते ३५ ग्रॅम कमी करणं बहुतेकांना झेपतं. शाफ्ट जड होतोय याची खूण पहिल्या होलवर दिसत नाही. ती चौदाव्या-पंधराव्या होलनंतर दिसते: शॉट उजवीकडे आणि आखूड पडू लागतात, क्लब बॉलच्या मागे जमिनीत जातो. सकाळी ताजे असताना सगळे शाफ्ट चांगलेच वाटतात.

वजन ठरलं की फ्लेक्स. ३२-३४ अंशांच्या सेव्हन आयर्नचा कॅरी १४० यार्डांपेक्षा जास्त असेल तर रेग्युलर किंवा स्टिफ, १२० ते १४० असेल तर रेग्युलर, त्याखाली सीनियर, आणि १०० च्या खाली गेला तर ‘एल’ (लेडीज). हा अंदाज ढोबळ आहे. झटक्याने सुरुवात करणाऱ्याला जरा कडक, संथ लयीच्या माणसाला जरा मऊ शाफ्ट जुळतो. ‘एल’ हे अक्षर पाहून पुरुष मंडळी तो शाफ्ट हातात घ्यायलाही तयार नसतात. चाचणीत आम्ही अक्षरावर पट्टी लावतो. तुम्ही कुठेही चाचणी दिलीत तरी तसंच करायला सांगा. कडक शाफ्टचा बॉल खालून आणि उजवीकडे जातो, हाताला काठी मारल्यासारखं लागतं. फार मऊ शाफ्टने बॉल डावीकडे झुकतो आणि क्लबचं तोंड कुठे आहे याचा अंदाज सुटतो.

जुन्या हेडला नवा शाफ्ट

आवडीचं हेड ठेवून फक्त शाफ्ट बदलायचा असेल तर चार गोष्टी आधी पाहाव्या लागतात. हे काम स्वस्तात, न मोजता करून घेतलं की सेट बिघडतो.

पहिली गोष्ट, टोकाची जाडी. टेपर (टोकाशी निमुळत्या) शाफ्टचं टोक ०.३५५ इंच असतं, पॅरलल (टोकाशी एकसारख्या जाडीच्या) शाफ्टचं ०.३७०. टेपरच्या हेडमध्ये पॅरलल शाफ्ट बसवण्यासाठी ग्राफाइटचं टोक घासून बारीक केलं की तंतू कापले जातात आणि शाफ्ट हेडमध्ये शिरतो तिथेच तुटतो. असं कोणी करू लागलं तर थांबवा.

दुसरी, स्विंगवेट, म्हणजे फिरवताना हेड किती जड जाणवतं त्याचं माप (सी-० ते सी-९, मग डी-० असं चढतं). शाफ्ट साधारण ९ ग्रॅमने हलका झाला की स्विंगवेट एक अंक उतरतो. १३० ग्रॅमच्या जागी ६५ ग्रॅमचा बसवला की डी-२ चा क्लब सी-५ च्या आसपास येतो आणि हेड आहे की नाही तेच कळत नाही. क्लब अर्धा इंच लांब केला की तीन अंक परत मिळतात. हेडमध्ये दर २ ग्रॅमला एक अंक मिळतो, पण शाफ्टच्या टोकात ५-६ ग्रॅमपेक्षा जास्त भरलं तर वजन हेडच्या टाचेकडे (शाफ्टजवळच्या बाजूला) सरकतं. एवढा फरक भरून निघत नसेल तर हलक्या शाफ्टसाठीच बनवलेलं जड हेड घेणं शहाणपणाचं. ग्राहकाला ते महाग पडलं तरी आम्ही हेच सांगतो.

तिसरी, लाय, म्हणजे शाफ्ट जमिनीशी करतो तो कोन. अर्धा इंच लांबी वाढली की क्लब सुमारे एक अंश उभा वागतो आणि बॉल डावीकडे निघतो. त्याच वेळी पाठ ताठरल्यामुळे तुम्ही पूर्वीपेक्षा उभे राहून खेळत असाल तर तो एक अंश गरजेचाही असतो. म्हणून लाय उंचीच्या तक्त्यावरून ठरवू नये. मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर आजच्या आज मोजावं आणि सोलवर पट्टी लावून मारल्यावर खूण कुठे पडते ते पाहावं. खूण टाचेकडे पडली तर क्लब फार उभा आहे, हेडच्या दूरच्या टोकाकडे पडली तर फार आडवा.

चौथी, हेडचा धातू. फोर्ज केलेलं कार्बन स्टीलचं हेड दोन-तीन अंश वाकवता येतं. ओतीव १७-४ स्टेनलेस स्टीलचं एखाद्या अंशापुढे वाकवताना तुटण्याचा धोका असतो. लॉफ्ट एक अंश वाढवला की बाउन्सही (सोलचा जमिनीशी होणारा कोन) एक अंश वाढतो, हेही लक्षात असू द्या.

किती क्लब हवेत

वेगवान खेळाडूला चार अंशांच्या फरकात दहा-बारा यार्ड मिळतात. कमी वेगाला तोच फरक सहा-सात यार्डांवर येतो; फोर, फाइव्ह आणि सिक्स आयर्न जवळपास एकाच अंतरावर पडतात. असे तीन क्लब वाहण्यात अर्थ नाही. फाइव्ह आयर्नचा कॅरी सिक्सपेक्षा आठ यार्डांनीही जास्त नसेल तर तो काढा. त्या जागी २५-२६ अंशांचा हायब्रिड (आयर्न आणि वुड यांच्यामधला क्लब) किंवा २४ अंशांचा नाइन वुड (मोठ्या, गोलसर हेडचा क्लब) ठेवा. हायब्रिड रफमधून (उंच गवतातून) चांगला निघतो, वुड जास्त उंच उडतो. अनेक ज्येष्ठ महिला खेळाडूंना सेव्हन आयर्नपेक्षा लांब अंतरासाठी सगळे हायब्रिड आणि वुडच सोपे जातात. दोन क्लबांमधला लॉफ्टचा फरक पाच-सहा अंशांचा ठेवा. नियमाने चौदा क्लबची परवानगी आहे, तेवढे भरलेच पाहिजेत असं नाही. अकरा-बारा क्लबची बॅग हलकीही होते.

आधुनिक सेट घेतलात तर पिचिंग वेजचा (जवळच्या शॉटसाठीच्या, जास्त लॉफ्टच्या क्लबचा) लॉफ्ट विचारा. तो ४१-४३ अंश असेल आणि तुमचा सँड वेज ५६ चा, तर मधे मोठं भगदाड पडतं. ४८-४९ अंशांचा एक वेज तिथे हवाच.

ग्रिप

संधिवात असलेल्यांनी शाफ्टच्याही आधी ग्रिप (शाफ्टवरची हाताची पकड) बदलून पाहावी. बारीक ग्रिप घट्ट आवळावी लागते. खाली टेपचा एकेक जादा थर दिला की जाडी १/६४ इंच वाढते. चार थरांत ती मिडसाइजच्या (नेहमीपेक्षा जाड ग्रिपच्या) जवळ येते. मिडसाइज ग्रिप १०-१५ ग्रॅम जड असली तर स्विंगवेट दोन-तीन अंकांनी उतरतो, म्हणून शाफ्ट आणि ग्रिप यांचा हिशेब एकत्र करावा. मुंबईच्या दमट हवेत घामाने ग्रिप चकचकीत आणि टणक होते; कोमट पाणी आणि साबणाने धुवा, आणि नियमित खेळत असाल तर वर्षातून एकदा बदला.

चाचणीला येताना

स्वतःचा सेव्हन आयर्न, रोज वापरता ते बूट आणि रोजचेच बॉल आणा. सराव मैदानावरचे झिजलेले बॉल आकडे बिघडवतात. दुखणं कुठे आहे ते मोकळेपणाने सांगा. आधी तीस-चाळीस बॉल मारून या, म्हणजे थोडा थकवा असताना शाफ्ट कसा वागतो ते दिसेल. एका दिवशी तीन-चारपेक्षा जास्त शाफ्ट मारू नका, प्रत्येकाचे आठ शॉट पुरेत. सर्वांत लांब गेलेला शॉट विसरा. जवळचा आणि लांबचा यांत किती अंतर पडतं, उंची किती आणि बॉल किती अंशांत उतरतो, हे पाहा.

शाफ्ट बसवल्यावर एपॉक्सी पूर्ण घट्ट व्हायला २४ तास द्या. सेट उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. रोजच्या उष्णतेने जोड हळूहळू सैल होतो. हेड किंचितही हललं किंवा मारताना टिक असा आवाज आला तर तो क्लब त्याच क्षणी बाजूला ठेवा आणि आमच्याकडे आणा, कारण सुटलेलं हेड पुढे उभ्या माणसाला लागू शकतं.