वयाच्या अटीत न बसलेली पिढी

खेड्यातल्या पंचाहत्तरीपुढच्या बाईला अक्षर का येत नाही आणि तिच्या हातात पैसा का नाही, हे प्रश्न सहसा वेगवेगळे मांडले जातात. पण सरकारी योजना आणि कायद्यांच्या तारखा तिच्या वयाशेजारी मांडून पाहिल्या, की दोन्हींची उत्तरं बरीचशी एकाच ठिकाणी सापडतात.

1951 च्या जनगणनेत देशातल्या शंभरातल्या जेमतेम नऊ स्त्रियांना लिहिता-वाचता येत होतं. खेड्यात त्याहूनही कमी. शाळेची सक्ती कागदावर होती. गावातली शाळा बहुधा चौथीपर्यंत, पुढची मोठ्या गावात. धाकटी भावंडं, गुरं, पाणी आणि खुरपणी मुलीच्या वाट्याला येत. 1978 पर्यंत मुलीच्या लग्नाचं कायदेशीर वयच पंधरा होतं, आणि तेही पाळलं जाईच असं नाही.

मोठेपणी शिकण्याची पहिली मोठी संधी 1959 साली साताऱ्यातून सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने दिली. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. पण घरात वाचायला काही नसलं की शिकलेलं अक्षर काही वर्षांत पुसलं जातं. बायकांच्या बाबतीत हे अधिक घडलं, कारण पत्र, पावती, सातबारा हे सगळे कागद पुरुषांच्याच हातात असत.

1978 चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम 15 ते 35 वयोगटासाठी होता. एका वर्गात तीसजण, शिकवणाऱ्याला महिना 50 रुपये मानधन, वर्ग बहुधा रात्री. दिवसभर रोजगार हमीवर खडी फोडून आलेल्या बाईला, घरी चूल पेटवायची असताना, ही वेळ कशी जमणार? 1988 च्या राष्ट्रीय साक्षरता मिशननेही मुख्य वयोगट तोच ठेवला. म्हणजे 1953 पूर्वी जन्मलेली बाई तेव्हाच त्याबाहेर गेली होती. पस्तिशीपुढच्यांचा ठळक समावेश झाला तो 2009 च्या साक्षर भारतमध्ये, म्हणजे ती छप्पन्न ओलांडल्यावर.

जमिनीचंही असंच झालं. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. ही अट 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने गेली. तोवर असंख्य बायकांनी साडीचोळीवर समाधान मानून हक्कसोडपत्रावर अंगठा दिला होता. नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागाहून रद्द करून घेणं फार कठीण असतं, आणि वाचता न येणारीला आपण काय सोडलं हे कळलेलंच नसतं. नवरा गेल्यावर वारसनोंद होताना तिचं नाव सातबाऱ्यावर मुलांसोबत लागतं. तेही कोणी तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला आणि अर्ज दिला तर.

उरतो निवृत्तिवेतनाचा आधार. श्रावणबाळ योजनेसाठी वय 65 पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत आणि राज्यात पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं. 2023 पासून महिना 1,500 रुपये मिळतात. अडतं ते वयाच्या पुराव्यावर. शाळेत न गेलेलीकडे शाळेचा दाखला नसतो, जन्मनोंदही बहुधा नसते. आधारवरची जन्मतारीख अनेकदा अंदाजाने 1 जानेवारी टाकलेली असते. त्यामुळे वय चुकून चार-पाच वर्षं कमी दिसलं, की तितकी वर्षं अर्ज मागे पडतो. दुसरी अडचण नावाची: मतदारयादीत एक, आधारवर दुसरं, पासबुकात माहेरचं. तिन्ही नावं आधी जुळवून घेतल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. मंजुरीनंतरही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि आयुष्यभर खुरपं धरलेल्या बोटांचे ठसे यंत्र अनेकदा ओळखत नाही. अशा वेळी डोळ्यांच्या बुबुळाची पडताळणी मागता येते, पण ते यंत्र प्रत्येक केंद्रावर नसतं.

2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली, तिची वयोमर्यादा 65. त्यापुढच्या बायकांना श्रावणबाळसारख्या योजनेवरच अवलंबून राहावं लागतं, आणि ज्यांचा वयाचा पुरावा अडकलेला आहे त्यांना तीही मिळत नाही.

शिकण्याच्या बाजूने मात्र फरक पडला आहे. 2016 साली ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावात (तालुका मुरबाड) साठीपुढच्या बायकांसाठी आजीबाईंची शाळा सुरू झाली. वर्ग दुपारी भरतो, घरातली कामं उरकल्यावर. केंद्र सरकारच्या उल्लास या साक्षरता कार्यक्रमात 15 वर्षांपुढे वयाची वरची मर्यादाच नाही. परीक्षा 150 गुणांची: वाचन, लेखन, अंकगणित प्रत्येकी 50. तयारी घेणाऱ्यांनी आजीचा चष्मा आधी पाहावा. जवळचं न दिसणं हे वर्ग सुटण्याचं मोठं कारण असतं, आणि ते ‘आता डोक्यात शिरत नाही’ असं सांगून झाकलं जातं.