आशाताईंचे २५० रुपये

बाळंतपण दवाखान्यात झाले, तर आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविका, बाळाच्या घरी सहा वेळा जातात: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झाले, तर पहिल्या दिवशीही. बाळाचे वजन, तापमान, नाळ, दूध ओढण्याची ताकद, आईचा रक्तस्राव, सगळे तपासून नोंदवायचे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत केलेल्या प्रयोगातून ही घरच्या घरी नवजात काळजीची पद्धत पुढे आली आणि तिथे नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

राष्ट्रीय कार्यक्रमात या भेटींचा मोबदला ठरला एकूण २५० रुपये, म्हणजे सहा भेटी धरल्या तर भेटीमागे सुमारे ४२ रुपये. तो ४५ व्या दिवशी, आणि अटी पुऱ्या झाल्या तरच: जन्मनोंदणी, कार्डावर वजन, ठरलेल्या लसी, आणि ४२ दिवस माय-लेकरू सुखरूप. शेवटची अट अन्यायाची आहे. कमी वजनाच्या, आजारी बाळामागे आशाताई सर्वांत जास्त धावतात आणि नेमके तेच बाळ दगावले, तर हक्काचे पैसेही जातात. बाळंतीण मध्येच माहेरून सासरी गेली, तर भेटी दोन गावांत वाटल्या जातात आणि हिशेब अडतो.

या अडचणींचे मूळ आशा योजनेच्या २००५ च्या रचनेत आहे. आशा म्हणून स्त्रीच निवडायची आणि तिला ‘स्वयंसेविका’ म्हणायचे, असे तेव्हाच ठरले. स्वयंसेविका म्हटले की किमान वेतन नाही, बढतीची शिडी नाही, निवृत्तिवेतन नाही. आज अशा सुमारे १० लाख आशा आहेत. दरमहा ठरावीक रक्कम मिळते, ती अधूनमधून वाढतेही. पण ती पगार नव्हे.

दुसरी वाट आहे. इथिओपियाने २००३ पासून गावोगावच्या तरुणींना वर्षभराचे प्रशिक्षण देऊन सुमारे ५००० लोकसंख्येमागे दोघी या प्रमाणात आरोग्य कर्मचारी म्हणून पगारावर नेमले. पाकिस्तानात १९९४ पासूनच्या लेडी हेल्थ वर्कर (आशांसारख्याच गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्या) आंदोलने आणि न्यायालयीन लढ्यानंतर नियमित सेवेत आल्या.

जगातील आरोग्य कर्मचाऱ्यांत सुमारे ६७ टक्के स्त्रिया आहेत आणि त्यांची कमाई पुरुषांपेक्षा सरासरी २४ टक्के कमी, असे जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२२ चा अहवाल सांगतो. ही तुलना पगारदारांची आहे. पगारपत्रकावर नावच नसलेल्या बाईचे नुकसान या तुलनेत धरलेलेच नाही.