जुन्या नोंदीतला 'हार्ड फ्रॉस्ट' म्हणजे बर्फ पडणं नव्हे

दर डिसेंबरला तोच मजकूर फिरतो, की १८०० च्या सुरुवातीला लंडनमध्ये नाताळला बर्फ ठरलेला, थेम्स गोठायची आणि तिच्यावर जत्रा भरायची. मला याचा खरंच वैताग येतो, कारण यात बरंच काही खरं आहे, फक्त वेगवेगळ्या दिवसांचं एकत्र कालवलंय. आणि मराठीत हा घोळ जास्त होतो कारण स्नोही बर्फ, आइसही बर्फ, वर फ्रॉस्टलाही आपण बर्फच म्हणतो.

स्नो काय ते सांगत बसत नाही, ढगातून पडतो, मनालीला जाऊन आलेल्या प्रत्येकाने बघितलाय.

फ्रॉस्टमध्ये मात्र वरून काहीच पडत नाही! महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ पहाटे गवतावर, गाड्यांच्या टपावर पांढरे हिमकण दिसतात ना, तो फ्रॉस्ट. रात्री आकाश निरभ्र, वारा पडलेला, जमिनीतली उष्णता सरळ वर निघून जाते आणि जमिनीलगतची वाफ तिथल्या तिथे गोठते. इंग्रजांच्या जुन्या डायऱ्यांमध्ये याला 'व्हाइट फ्रॉस्ट' म्हणतात, आणि नेमका हाच 'व्हाइट' बघून लोक तो दिवस व्हाइट ख्रिसमसमध्ये, म्हणजे बर्फ पडलेल्या नाताळात, मोजतात. हवा कोरडी असेल तर पांढरं काही दिसतच नाही, नुसतं सगळं गोठतं, तो 'ब्लॅक फ्रॉस्ट'. आणि 'हार्ड फ्रॉस्ट' म्हणजे तर कडक गोठवणारी थंडी, डबकी गोठलेली, जमीन दगडासारखी, पण आभाळातून एक कणही न पडता असे दिवसच्या दिवस जाऊ शकतात.

मग कोणी म्हणेल एवढी थंडी होती तर बर्फ पडलाच असेल की. नाही, इथेच गाडी चुकते. निफाडच्या द्राक्षवाल्याला विचारा, ढग आले की थंडी पळते, बागेत शेकोट्या पेटवायच्या त्या निरभ्र रात्रीच. इंग्लंडातही तेच, कडक फ्रॉस्टला हवं स्वच्छ आकाश आणि शांत कोरडी हवा, स्नोला हवेत ढग आणि ओलावा, त्यामुळे बर्फ पडतो तो दिवस बऱ्याचदा शून्य-एक अंशाच्या आसपासचा, म्हणजे फ्रॉस्टच्या रात्रीपेक्षा उबदारच असतो.

म्हणून नुसता तापमानाचा आकडा दाखवून बर्फ सिद्ध करू नका. हवामान अभ्यासक गॉर्डन मॅनली यांनी जुळवलेली मध्य इंग्लंडची तापमानमालिका आहे, महिन्याची सरासरी १६५९ पासून, रोजचे आकडे १७७२ पासून, त्यात १८१० च्या दशकातल्या कुठल्याही २५ डिसेंबरची थंडी सापडेल पण बर्फ पडला का ते नाही सापडणार. त्यासाठी ल्यूक हॉवर्डसारखा माणूस लागतो, ढगांना नावं देणारा तोच, लंडनजवळ राहून तो तापमानासोबत वारा, पाऊस आणि शेरे लिहून ठेवायचा. आकड्यापेक्षा मला ते शेरे जास्त मोलाचे वाटतात.

आता १८१३ चा हिवाळा घ्या, ज्याच्यावरून हा सगळा मजकूर बनतो. २७ डिसेंबरला, म्हणजे नाताळ उलटून गेल्यावर, लंडनवर दाट धुकं बसलं ते आठवडाभर. धुकं टिकलं म्हणजे वारा नव्हता. मोठा बर्फ पडला जानेवारीत, त्या महिन्याची मध्य इंग्लंडची सरासरी उणे २.९ अंश. आणि थेम्सवरची जत्रा १ फेब्रुवारी १८१४ ला सुरू झाली, चारेक दिवस चालली. नाताळशी तिचा काही संबंध नाही. नदी गोठायला जुन्या लंडन ब्रिजच्या अरुंद कमानींचाही हात होता, पाणी अडायचं आणि बर्फाची तरंगती लादी तिथे अडकायची, १८३१ मध्ये नवा पूल झाला, जुना पाडला, आणि त्यानंतर तिथे तशी जत्रा भरलीच नाही.

या थंडीचं कारण म्हणून इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी चिकटवणारे तर डोक्यातच जातात. तांबोराचा महास्फोट एप्रिल १८१५ चा, जत्रा त्याच्या चौदा महिने आधीची!

आजचा व्हाइट ख्रिसमसचा नियम, की २५ तारखेला एक कण पडताना दिसला तरी पुरे, तो ब्रिटिश हवामान खात्याचा, आणि ते खातं १८५४ चं, त्यामुळे त्याआधीच्या डायऱ्यांना तो लावू नये एवढंच.

मराठीत लिहिताना मी 'हार्ड फ्रॉस्ट'ला थंडीचा कडाका म्हणतो, 'व्हाइट फ्रॉस्ट'ला हिमकण, स्नोला हिमवर्षाव, आणि बर्फ हा शब्द थेम्सवरच्या त्या लादीसाठी राखून ठेवतो.